भिंतीलगतची रांग

पोलंडच्या संसदेचं खालचं सभागृह, सेयम, अर्धवर्तुळाकार आहे. आसनं 460. पहिल्या रांगेत पक्षांचे पुढारी बसतात, त्यांच्यामागे त्यांचे शिलेदार, आणि जसजसं मागे जावं तसतशी नावं अनोळखी होत जातात. मार्च 2013 मध्ये एके दिवशी पालिकोत गटाच्या वाट्याच्या पहिल्या रांगेत नेहमीचे पुढारी दिसले नाहीत. तिथे पहिल्यांदाच निवडून आलेले दोन खासदार बसले होते. एक रॉबर्ट बिएद्रोन, वय 36. दुसऱ्या आन्ना ग्रोद्स्का, साठीला टेकलेल्या. बिएद्रोन समलिंगी, ग्रोद्स्का ट्रान्सजेंडर, आणि दोघांनीही हे मतदारांपासून लपवलेलं नव्हतं. पक्षप्रमुख यानुश पालिकोत यांनी त्या दिवसापुरती आपली जागा त्यांना देऊ केली होती.

निमित्त होतं लेक वालेसांच्या एका मुलाखतीचं. हे वालेसा म्हणजे गदान्स्कच्या गोदीतले इलेक्ट्रिशियन, 'सॉलिडॅरिटी'चे नेते, नोबेलचे मानकरी, देशाचे माजी राष्ट्राध्यक्ष. आणीबाणीनंतरच्या काळात आपल्याकडच्या तरुणांनीही ज्यांचे फोटो कापून ठेवले, ते. टीव्हीवर त्यांना विचारलं गेलं की समलिंगी लोकांनी संसदेत कुठे बसावं. त्यांचं उत्तर असं होतं की ते संख्येने थोडे आहेत, तेव्हा त्यांनी शेवटच्या रांगेत, भिंतीलगत बसावं. खरं तर भिंतीच्याही पलीकडे. खुद्द त्यांच्या मुलाने, यारोस्वाव वालेसाने, बापाच्या या बोलण्यावर नापसंती दाखवली. तिकडे सॅन फ्रान्सिस्कोत वालेसांच्या नावाची एक छोटी गल्ली होती. पुढच्या वर्षी तिथल्या नगरपरिषदेने तिचं नाव बदलून टाकलं.

वालेसांनी माफी मागितली नाही. बिएद्रोन आणि ग्रोद्स्का पुढे येऊन बसले, फोटो निघाले, ते जगभर छापून आले. राजकारणात असली प्रतीकं स्वस्त असतात आणि पालिकोत तर त्यातले उस्ताद. पण वालेसांच्या तोंडून 'भिंत' हा शब्द निघाला तो उगाच नाही. त्या देशात या माणसांची जागा कुठे, हे ठरवण्याचं काम एकेकाळी दुसऱ्याच एका खात्याकडे होतं.

*

15 नोव्हेंबर 1985 ची सकाळ. गृहमंत्री चेस्वाव किश्चाक यांच्या हुकमाने पोलंडभर एकाच वेळी पोलीस निघाले. कुणाच्या घरी, कुणाच्या कारखान्यात, कुणाच्या कॉलेजात. पुरुषांना ठाण्यावर आणलं, बोटांचे ठसे घेतले, मित्र कोण, कुणाकुणाला ओळखतोस, हे खोदून खोदून विचारलं आणि एका कागदावर सही घेतली. त्या कागदाचं नाव सरळसोट होतं: 'समलिंगी व्यक्तीचं कार्ड'. मोहिमेचं नाव मात्र एका फुलावरून ठेवलं होतं, 'हायसिंथ'. कारवाई दोन वर्षं चालली. सुमारे 11,000 माणसांच्या फायली तयार झाल्या. लोकांच्या तोंडी त्यांना 'गुलाबी फायली' असं नाव पडलं.

यातली गंमत, म्हणजे खरं तर कडवट गंमत, अशी की पोलंडमध्ये समलिंगी संबंध हा गुन्हाच नव्हता. 1932 च्या दंडसंहितेने ते कलम काढून टाकलं होतं. भारतात 377 च्या जाचातून सुटका व्हायला 2018 उजाडलं. पोलंड त्याच्या 86 वर्षं आधीच मोकळा झाला होता. म्हणजे गुन्हा नाही, खटला नाही, शिक्षा नाही, पण फाइल आहे. आणि फायलीचा उपयोग खटल्यापेक्षा कितीतरी जास्त. ज्याची फाइल आहे त्याला खबऱ्या बनवता येतं, गप्प बसवता येतं, नोकरीच्या जागी त्याच्या साहेबाला नुसता एक फोन करता येतो. सरकारने कारण दिलं होतं एड्स आणि गुन्हेगारीचं. ते किती जणांना पटलं ठाऊक नाही, पण ज्यांना उचललं त्यांतल्या काहींनी मात्र आता लपून राहण्यात अर्थ नाही असं ठरवलं. 1987 मध्ये वॉर्सात समलिंगी चळवळीचा पहिला गट उभा राहिला. पुढच्या वर्षी त्यांनी नोंदणीसाठी अर्ज केला, तो फेटाळला गेला.

2007 मध्ये, कम्युनिस्ट काळातल्या गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या राष्ट्रीय स्मृती संस्थेकडे एक अर्ज आला: हायसिंथची चौकशी व्हावी. अर्जदारांपैकी एक होता शिमोन निएमिएत्स हा कार्यकर्ता. संस्थेने 2008 मध्ये नकार दिला.

*

बिएद्रोन हा देशाच्या आग्नेय कोपऱ्यातला. जन्म रिमानूवचा, वाढला क्रोस्नोत. हा पोद्कार्पाचे प्रांत म्हणजे पोलंडमधला सर्वांत धार्मिक, सर्वांत परंपरानिष्ठ मुलूख. 2001 मध्ये त्याने काही मित्रांबरोबर 'होमोफोबियाविरोधी मोहीम' ही संस्था काढली. संस्थेचं पहिलं नाव घेण्याजोगं काम 2003 चं. कारोलिना ब्रेगूवा या तरुण छायाचित्रकार मुलीने तीस जोडप्यांचे फोटो काढले. दोन पुरुष किंवा दोन बायका, अंगात थंडीचे जाड कोट, हातात हात, नजर सरळ कॅमेऱ्याकडे. ना अंगचटी, ना घोषणा. एखाद्या नात्यातल्या लग्नात 'उभे राहा रे, एक फोटो काढू' म्हटल्यावर माणसं उभी राहतात तशी अवघडून उभी. हे फोटो होर्डिंगवर लावायचे आणि वर फक्त तीन पोलिश शब्द: 'त्यांना आपल्याला पाहू द्या'. होर्डिंगवर काळे रंग फासले गेले, अंडी फेकली गेली, काही जाहिरात कंपन्यांनी करारच मोडले. फोटोत आक्षेपार्ह असं काहीच नव्हतं, आणि बहुधा तेच लोकांना सोसलं नाही.

त्या दशकात राजकारण उलट दिशेने चाललं होतं. डिसेंबर 2004 मध्ये सिनेटर मारिया शिश्कोव्स्का यांनी आणलेलं नागरी भागीदारीचं विधेयक सिनेटने 38 विरुद्ध 23 मतांनी मंजूर केलं. शिश्कोव्स्का या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिका, डाव्या पक्षाच्या. विधेयक सेयमकडे गेलं आणि तिथल्या कुठल्याशा कपाटात मुदत संपेपर्यंत पडून राहिलं. त्याच सुमारास वॉर्साचे महापौर लेख काचिन्स्की यांनी 2004 आणि 2005 अशी सलग दोन वर्षं समानता मोर्चाला परवानगी नाकारली. काही महिन्यांत काचिन्स्की राष्ट्राध्यक्ष झाले. मोर्चाबंदी बेकायदा होती असा निकाल स्ट्रासबुर्गच्या मानवाधिकार न्यायालयाने 3 मे 2007 रोजी दिला. 3 मे हा पोलंडचा संविधान दिन. न्यायाधीशांच्या ते मनात होतं की नाही, कोण जाणे. आणि त्याच महिन्यात देशाच्या बालहक्क आयुक्त बाईंनी 'टेलेटबीज' मालिकेतला जांभळा टिंकी विंकी हातात बायकी पर्स घेऊन फिरतो, तर मानसशास्त्रज्ञांकडून त्याची तपासणी करावी की काय, असा प्रश्न जाहीरपणे उपस्थित केला. नंतर त्यांनी तो मागे घेतला. तोवर जग हसून मोकळं झालं होतं.

निवडून येणारा पहिला माणूस मात्र बिएद्रोन नाही. तो मान क्रिस्तियान लेगिएर्स्की याचा. आई पोलिश, वडील मॉरिटानियाचे. जन्म कोन्याकूवचा, बेस्किड डोंगरांमधलं क्रोशाच्या लेससाठी नावाजलेलं गाव. तो वॉर्सात आला, वकिली शिकला, 'ल मादाम' नावाचा क्लब चालवला, जो 2006 मध्ये पालिकेने पोलीस पाठवून रिकामा करून घेतला. 2010 च्या नोव्हेंबरात तोच लेगिएर्स्की वॉर्साच्या नगरपरिषदेत नगरसेवक म्हणून निवडून आला. ज्या पालिकेने बाहेर काढलं, तिच्याच सभागृहात. सावळ्या रंगाचा, उघड समलिंगी, डोंगराकडचा मुलगा. मला या साऱ्या कथेत त्याचं जितकं अप्रूप वाटतं तितकं इतर कुणाचं नाही. पण इतिहास त्याच्याकडे एक तळटीप टाकून पुढे निघून गेला आहे.

*

आता पालिकोत. हा माणूस लुब्लिनकडचा, दारूच्या धंद्यात गब्बर झालेला, आधी सत्ताधारी 'नागरी मंच' पक्षाचा खासदार. 2007 मध्ये तो 'मी समलिंगी आहे' असं लिहिलेला टी-शर्ट घालून कॅमेऱ्यासमोर आला होता. तो समलिंगी नव्हता. एकदा पत्रकार परिषदेत एका हातात खेळण्यातलं पिस्तूल आणि दुसऱ्या हातात रबरी लिंग घेऊन तो पोलिसांच्या अत्याचारांवर बोलला. आपल्याकडे ज्याला नाटकी म्हणतात त्याच्याही पुढची पायरी. 2010 मध्ये त्याने स्वतःचा पक्ष काढला. चर्चचं राजकारणातलं वजन कमी करा, गांजाला मोकळीक द्या, नागरी भागीदारी आणा, असा एकूण खाक्या. आणि उमेदवार निवडताना त्याने एक गोष्ट केली, जी तोवर डाव्यांनीसुद्धा धाडस करून केली नव्हती.

पोलंडची निवडणूक पद्धत समजून घेतल्याशिवाय ती कळणार नाही. मतदार एखाद्या पक्षाची यादी निवडतो आणि त्या यादीतल्या एकाच नावासमोर फुली मारतो. यादीत पहिलं नाव ज्याचं, त्याच्याकडे फुल्यांचा ओघ वळतो. म्हणून तिकडच्या पक्षांमधली सगळी भांडणं 'एक नंबर' कुणाला यावरून होतात. बाकीचे पक्ष अशा उमेदवाराला घेतलंच तर यादीच्या शेपटाला बसवत. पालिकोतने बिएद्रोनला उत्तरेत ग्दिनिया आणि स्वुप्स्क या मतदारसंघात एक नंबर दिला, आणि ग्रोद्स्काला क्राकूवमध्ये. क्राकूव म्हणजे कारोल वोयतिवा जिथे आर्चबिशप होते ते शहर. पुढे पोप जॉन पॉल दुसरे. पोलंडच्या कॅथलिक मनाची ही पंढरी.

9 ऑक्टोबर 2011. पालिकोतच्या पक्षाला 10 टक्के मतं, 40 जागा. क्राकूवमध्ये ग्रोद्स्काला 19,000 च्या वर मतं पडली. त्या दिवशी जगातल्या कुठल्याही राष्ट्रीय संसदेत दुसरी उघड ट्रान्सजेंडर खासदार नव्हती. न्यूझीलंडच्या जॉर्जिना बेयर आणि इटलीच्या व्लादिमीर लुक्सूरिया या दोघींच्या कारकिर्दी आधीच संपल्या होत्या.

शपथविधी 8 नोव्हेंबरला झाला. सभागृहाच्या दारावर क्रूस आहे; 1997 च्या ऑक्टोबरात एका रात्री काही खासदारांनी गुपचूप टांगला, तो तिथेच राहिला. पालिकोत पक्षाने तो काढायची मागणी केली, ती फेटाळली गेली. त्याच क्रुसाखालून ग्रोद्स्का आणि बिएद्रोन आत गेले. शपथेच्या शेवटी 'ईश्वर मला साह्य करो' म्हणायचं की नाही, याची तिथे मुभा असते.

सभागृहातले पहिले महिने कसे गेले याचा एक नमुना सांगतो. भाषणाच्या ओघात बिएद्रोन सहज म्हणून गेला की हा कमरेखालचा वार आहे. सगळं सभागृह खोखो हसलं. हा वाक्प्रचार पोलिशमध्येही मराठीइतकाच जुना आणि गुळगुळीत आहे; दुसऱ्या कुणी वापरला असता तर कुणाची मान वर झाली नसती. ग्रोद्स्काच्या वाट्याला त्याहून वाईट आलं. विधिज्ञ म्हणवणाऱ्या खासदार क्रिस्तिना पाव्वोविच यांनी तिच्या चेहऱ्याची तुलना मुष्टियोद्ध्याच्या चेहऱ्याशी केली. पालिकोतने ग्रोद्स्काला सेयमचं उपाध्यक्ष करायचा घाट घातला, तोही डाव अंगाशी आला, कारण त्यासाठी स्वतःच्याच पक्षाच्या वांदा नोवित्स्का यांना पदावरून हटवावं लागणार होतं आणि सभागृहाने ते केलं नाही.

पण खरा दिवस होता 25 जानेवारी 2013. नागरी भागीदारीची तीन विधेयकं एकाच दिवशी मताला आली. त्यातलं एक खुद्द सत्ताधारी पक्षाच्या खासदाराचं. पंतप्रधान दोनाल्द तुस्क यांचा पाठिंबा होता. आणि त्यांचेच न्यायमंत्री यारोस्वाव गोविन यांनी उठून सांगितलं की असली विधेयकं संविधानाच्या विरोधात जातात. 1997 च्या संविधानाचं अठरावं कलम विवाह म्हणजे स्त्री आणि पुरुष यांचं बंधन असं म्हणतं. भागीदारीबद्दल ते एक शब्द बोलत नाही. पाव्वोविचबाईंनी अशा नात्यांना वांझ म्हटलं. तिन्ही विधेयकं पडली; सत्ताधारी पक्षाचं विधेयक 228 विरुद्ध 211 मतांनी, कारण त्याच पक्षाचे काही चाळीस-पन्नास खासदार फितूर झाले. वालेसांची भिंत आली ती यानंतर पाच आठवड्यांनी.

*

ग्रोद्स्काच्या चार वर्षांमधलं सर्वांत मोलाचं काम फारसं कुणाच्या ध्यानात नाही, कारण ते तडीला गेलं नाही.

पोलंडमध्ये कागदोपत्री लिंग बदलायचं तर काय करावं लागे? स्वतःच्या आईवडिलांवर दावा ठोकावा लागे. अक्षरशः. कायद्यात या गोष्टीची तरतूदच नव्हती, म्हणून 1990 च्या दशकात न्यायालयांनी एक पळवाट काढली. जन्माच्या वेळी लिंग चुकीचं नोंदलं गेलं असा दिवाणी दावा दाखल करायचा. आणि दाव्याला प्रतिवादी तर हवाच, म्हणून प्रतिवादी आईवडील. पन्नाशीतला माणूस आपल्या ऐंशीच्या आईला कोर्टात खेचतो, आणि ती बिचारी 'हो, माझी हरकत नाही' असं सांगायला साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहते. आईवडील हयात नसले तर न्यायालय त्यांच्या जागी सरकारी प्रतिनिधी नेमी. एखाद्या विनोदी लेखकाला सुचलं असतं तर संपादकाने 'अतिशयोक्ती' म्हणून कापलं असतं.

ग्रोद्स्काने यासाठी एक साधा कायदा आणला. आईवडिलांना मधून काढायचं, दावा नाही, अर्ज करायचा, दोन तज्ज्ञांचे दाखले जोडायचे. समित्यांमधून तो दोन वर्षांहून अधिक काळ घासूनपुसून निघाला आणि जुलै 2015 मध्ये मंजूर झाला. ही पालिकोतछाप धमाल नव्हती. समितीत बसून, शब्द शब्द भांडून, शत्रूंनासुद्धा समजावून करायचं काम होतं, आणि तिने ते केलं. मग ऑक्टोबरच्या सुरुवातीला नवे राष्ट्राध्यक्ष आंद्जेय दुदा यांनी नकाराधिकार वापरून कायदा परत पाठवला. तो उलटवायला वेळ होता, पण थोडाच. सभागृहाची मुदत संपत आली होती. ती संपली.

आईवडिलांवर दावा ठोकायची सक्ती शेवटी सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये काढून टाकली. म्हणजे ग्रोद्स्काने जे दहा वर्षांपूर्वी मांडलं तेच, पण कायद्यावाचून.

*

दरम्यान बिएद्रोनने सगळ्यांना चकवलं. 2014 मध्ये त्याने खासदार असतानाच स्वुप्स्क शहराच्या महापौरपदाची निवडणूक लढवली. पोलिशमध्ये मोठ्या शहराच्या महापौराला 'प्रेझिदेन्त' म्हणतात, त्यामुळे पुढे चार वर्षं वर्तमानपत्रांना शब्दांचे खेळ करायला आयतंच खाद्य मिळालं.

स्वुप्स्क बाल्टिक समुद्रापासून काही किलोमीटरवर. वस्ती नव्वद हजारांच्या आसपास, डोक्यावर कर्जाचा डोंगर, अर्धवट बांधून पडलेला एक जलक्रीडा प्रकल्प. 1945 पर्यंत हे जर्मनांचं स्टोल्प होतं. युद्धानंतर जर्मन हाकलले गेले आणि पूर्वेकडच्या गमावलेल्या मुलखातून पोलिश माणसं आणून इथे वसवली. कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात 1943 पासून जी पाच हजार पोलिश माणसं राहिली, तीही त्याच पूर्वेकडच्या मुलखातून, सोव्हिएत हद्दपारीतून निसटलेली. काहींच्या नशिबी पंचगंगा आली, काहींच्या बाल्टिक. स्वुप्स्कमध्ये त्यामुळे सातव्या पिढीचं जुनं घराणं असं कुणाचंच नाही; सगळेच बाहेरचे. बाहेरचा बिएद्रोन तिथे का चालला, त्याचं अर्धं उत्तर मला इथे दिसतं.

पहिल्या फेरीत तो दुसरा आला. 30 नोव्हेंबर 2014 च्या दुसऱ्या फेरीत त्याने सत्ताधारी पक्षाच्या उमेदवाराला 57 टक्के मतं घेऊन हरवलं. मोठं काही विशेष केलं असं नाही. त्याने सायकलवर कचेरी गाठली, प्राण्यांच्या सर्कशींना पालिकेची जागा नाकारली, बैठकांमधल्या बाटलीबंद पाण्याऐवजी नळाचं पाणी ठेवलं, कर्ज खाली आणलं. एक सोफा रस्त्यावर आणून ठेवला आणि त्यावर बसून तो लोकांची गाऱ्हाणी ऐकू लागला. शहरातला कुणीही येऊन शेजारी बसे. भिंतीलगतच्या रांगेचं उत्तर पहिल्या रांगेत जाऊन बसणं हे नव्हतंच. ते या सोफ्यात होतं. मला म्हणायचंय ते एवढंच की पुढच्या रांगेतल्या फोटोकडे जगाने पाहिलं आणि या सोफ्याकडे फक्त स्वुप्स्कच्या लोकांनी, पण ज्यांनी पाहिलं ते त्याच्याशी गटारांबद्दल आणि घरभाड्याबद्दल भांडत होते. तो समलिंगी आहे हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांना गटार दुरुस्त करून हवं होतं. 2018 मध्ये तो पुन्हा उभा राहिला नाही. त्याच्या उपमहापौर क्रिस्तिना दानिलेत्स्का-वोयेवूद्स्का त्याच जागी निवडून आल्या.

वॉर्सात तोवर वारं फिरलं होतं. झ्बाविचिएल चौकात युलिता वुयचिक या शिल्पकार बाईंनी कृत्रिम फुलांची एक भलीमोठी कमान उभारली होती, इंद्रधनुष्याची. 2012 पासून ती कितीदा तरी जाळली गेली. 11 नोव्हेंबर 2013 च्या राष्ट्रीय दिनाला तर मोर्चेकऱ्यांनी सगळ्या कॅमेऱ्यांसमोर. प्रत्येक वेळी लोक येऊन पुन्हा फुलं लावत. ऑगस्ट 2015 मध्ये ती उतरवली. ऑक्टोबरमध्ये निवडणूक झाली. डाव्यांची आघाडी 7.55 टक्क्यांवर अडकली, आघाडीला उंबरठा होता 8. अर्ध्या टक्क्याहून कमी फरकाने अख्खी डावी बाजू सेयममधून पुसली गेली. ग्रोद्स्काने त्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदासाठी ग्रीन पक्षातर्फे उभं राहायचा प्रयत्न केला होता. एक लाख सह्या जमल्या नाहीत. पुढची चार वर्षं सभागृहात उघड समलिंगी वा ट्रान्सजेंडर असा एकही खासदार नव्हता.

2019 मध्ये वॉर्साच्या महापौरांनी समानतेच्या जाहीरनाम्यावर सही केली, आणि त्यावर देशभर आगडोंब उसळला. श्विद्निक नावाच्या गावाने आपण 'एलजीबीटी विचारसरणीपासून मुक्त' असल्याचा ठराव केला, मग दुसऱ्याने, तिसऱ्याने. असे ठराव करणाऱ्या ग्रामपंचायती, तालुके, प्रांत मिळून शंभराच्या आसपास झाले. क्राकूवच्या आर्चबिशपांनी 'इंद्रधनुषी प्लेग' असा शब्द वापरला. ठराव कागदी होते, त्यांत कुणाला शिक्षा नव्हती. गुलाबी फायलींचं हेही एक नवं रूप. गुन्हा नाही, पण नोंद आहे. युरोपीय संघाने निधी अडवायचा इशारा दिला आणि ते एकेक करून मागे घेतले गेले. सगळ्यात शेवटचा, वान्त्सुतचा, एप्रिल 2025 मध्ये.

याच 2019 मध्ये बिएद्रोनने 'विओस्ना', म्हणजे 'वसंत', हा पक्ष काढला. वॉर्साच्या तोर्वार स्टेडियमात मोठा जल्लोष झाला. मे महिन्यात युरोपीय निवडणुकीत 6 टक्के मतं मिळाली. तो खासदार झाला, आणि इथे त्याचं चुकलं. आपण ती जागा सोडून सेयमची निवडणूक लढवू, असं त्याने लोकांना सांगितलं होतं. ब्रसेल्सला गेला आणि तिथेच राहिला. स्वुप्स्कच्या सोफ्यावर बसणाऱ्या माणसाला शब्द फिरवून चालत नाही. 2020 मध्ये तो राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला तेव्हा मतं पडली 2.22 टक्के. लोक म्हणाले, समलिंगी माणूस जिंकू शकत नाही. तसं नाही, 57 टक्के घेऊन तो आधीच जिंकून झाला होता. ज्यांनी त्याला स्वुप्स्कात मतं दिली त्यांना 2020 मधला हा बिएद्रोन ओळखीचा वाटला नसावा.

त्याच निवडणुकीच्या प्रचारात दुदांनी ब्जेग गावच्या सभेत सांगितलं की एलजीबीटी म्हणजे माणसं नाहीत, ही एक विचारसरणी आहे. जिंकले दुदाच.

सेयममध्ये 2019 ला क्षिश्तोफ श्मिशेक व्रोत्सवाफमधून निवडून आला. वकील, भेदभावविरोधी कायद्यातला जाणकार. 2023 मध्ये सत्ता पालटली आणि तो काही महिने न्याय खात्याचा उपमंत्री होता. गोविन जिथे मंत्री होते, तेच खातं. बिएद्रोन आणि श्मिशेक वीस वर्षांहून अधिक काळ एकत्र आहेत. 2024 मध्ये दोघेही युरोपीय संसदेवर निवडून आले, दोन वेगवेगळ्या मतदारसंघांतून.

नागरी भागीदारीचं विधेयक याही सरकारने आणलं, तेही मित्रपक्षांनी अडवलं. 2025 च्या शरदात तडजोड म्हणून एक नवा शब्द बाहेर आला, 'सर्वांत जवळची व्यक्ती'. लग्न नाही, भागीदारीही नाही. नोटरीपुढे जाऊन करायचा करार, म्हणजे दवाखान्यात एकमेकांची विचारपूस करता येईल, वारसा करात सवलत मिळेल. नोव्हेंबर 2025 मध्ये लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने सांगितलं की संघातल्या दुसऱ्या देशात रीतसर झालेलं समलिंगी लग्न पोलंडला नोंदवावंच लागेल. खटला बर्लिनमध्ये लग्न करून आलेल्या दोन पोलिश पुरुषांचा होता.

बेल्जियममध्ये असं लग्न 2003 पासून लावता येतं. ज्या इमारतीत हे दोघे खासदार कामाला जातात तिथून नगरपालिकेची कचेरी लांब नाही. वॉर्साला परत येताना मात्र विमानात शेजारी बसलेले हे दोघे अजून कायद्याच्या लेखी एकमेकांचे कुणीच नाहीत, निदान तो नोटरीचा कागद होईपर्यंत.